कानकाठी

१

गॅरेजचं शटर वर गेलं, की चहाच्याही आधी बाबा कानकाठी हातात घेत. कठीण, काळपट लाकडाचा हातभर लांबीचा दांडा, एका टोकाला निमुळता, दुसऱ्या टोकाला बोंडासारखा गोल. निमुळतं टोक चालू इंजिनाला लावायचं, गोल टोक कानामागच्या हाडावर टेकवायचं आणि डोळे मिटून घ्यायचे. लोखंडाच्या पोटात काय दुखतंखुपतं, ते लाकडातून थेट डोक्यात उतरतं. जुन्या गाड्यांची कामं करणाऱ्या पुष्कळांकडे अशी काठी असते, नाहीतर ते लांब पेचकसावर भागवतात. या गॅरेजमध्ये मात्र काठीचा आणखी एक उपयोग होता, आणि तो दुसरीकडे कुठे होत असेल असं वाटत नाही.

बाबांचे कान गेले होते. आवाजाची कानातून आत जाणारी वाट बुजली होती, हाडातून जाणारी शाबूत होती. कानात घालायचं यंत्र आणलं होतं, पण त्यातून पान्यांचा खणखणाट तेवढा मोठा होई, म्हणून ते कपाटात जाऊन पडलं. मग एकदा, आई गेल्यानंतरच्या मुक्या दिवसांत, हाका मारून मारून वैतागलेल्या लेकीने काठीचं निमुळतं टोक स्वतःच्या गळ्यावर ठेवलं, गोल टोक बाबांच्या कानामागे टेकवलं आणि म्हणाली, "जेवायला चला." बाबा दचकले, मग हसले, मग बराच वेळ हसतच राहिले. तेव्हापासून जगातल्या एकाच माणसाचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत होता. शेजारच्या रंगाऱ्याने एकदा प्रयत्न करून पाहिला होता, पण गळ्याला काठी लागली की त्याला गुदगुल्या होत.

या लेकीला सगळे ठिणगी म्हणत. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन ती बापाच्या गॅरेजमध्ये उतरली, तेव्हा जुन्या इंजिनांना नवा जीव द्यायचा, फेकून देण्याच्या या जमान्याला धडा शिकवायचा, असलं बरंच काही तिच्या डोक्यात होतं. ते अजूनही होतं. नव्हता तो धीर. बोलताना वाक्य संपायच्या आत तिचं मन पुढच्या कामावर गेलेलं असे. काठीवरून तर ती मोजकंच बोले. गोळी घ्या. सोळाचा पाना. दिवा बंद करा.

"तू बोलत नाहीस गं," बाबा म्हणत. "तारा पाठवतेस."

तर एके दिवशी ध्यानीमनी नसताना ती गाडी आली. लांब नाकाची, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी, दोन माणसांची स्पोर्ट्स कार. बाबांच्या तरुणपणी शर्यतीत पळणारी. मालक दातांचे डॉक्टर. बॉनेट उघडताना त्यांनी सवयीने "आ करा" म्हटलं आणि स्वतःच हसले. एका रांगेत सहा सिलिंडर, त्यांना हवा-पेट्रोल पुरवणारे वर दोन कार्ब्युरेटर. इंजिन चालत होतं, पण मरगळलेलं, आजाऱ्याने उशीवरून बोलावं तसं. डॉक्टरांना ही गाडी घाटातल्या शर्यतीत उतरवायची होती.

"हिला जरा माणसात आणा," ते म्हणाले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी इंजिन चालू केलं, काठी टेकवली, डोळे मिटले. ठिणगी मागच्या बाजूला टेबलाशी स्पार्क प्लग घासत बसली होती. नेहमीपेक्षा जास्त वेळ झाला. मग बाबा मान डोलावत म्हणाले, "बरं बरं. घेईन शेकून."

ठिणगीने उठून त्यांच्यापुढे हात नाचवला. काय शेकून?

"गुडघा," बाबा म्हणाले. "तूच म्हणालीस ना आत्ता, गरम पाण्याने शेका म्हणून."

२

ती तसं काही म्हणाली नव्हती. त्यांचा गुडघा दुखतो हेही तिला ठाऊक नव्हतं.

तिने आधी स्वतःची समजूत घातली. रिकाम्या भिंतीवर डोळ्यांना चेहरे दिसतात, पंख्याच्या घरघरीत कानांना गाणी ऐकू येतात. मेंदूला रिकामी जागा सोसत नाही, तो तिथे ओळखीचं काहीतरी भरतो. बाबांच्या डोक्यात एकाच आवाजाची ओळख उरलेली, म्हणून तिथे तिचा आवाज भरला गेला. यात विशेष ते काय?

तरी बाबा वर जेवायला गेल्यावर तिने इंजिन चालू केलं आणि काठी कानामागे लावली. ब्लॉकच्या मधोमध, सिलिंडरांच्या जोडणीपाशी, जिथे बाबा टेकवतात तिथेच. टॅपेटची टकटक ऐकू आली. टायमिंग चेनची सळसळ, ऑइल पंपाचा जाडसर गुरगुराट. तिसऱ्या सिलिंडरपाशी एक झडप नीट बसत नव्हती, तिथे दर फेरीला श्वास चुकत होता. हे सगळं तिने ओळखलं, मनात नोंदवलं आणि काठी खाली ठेवली. यंत्र होतं ते. जुनं, दमलेलं यंत्र.

"तिसऱ्यात गळती आहे," तिने बाबांना काठीवरून सांगितलं.

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "तिथेच तर तू नीट कळत नाहीस. मधेच एखादा शब्द गिळतेस."

"बाबा, इंजिनातून माणूस बोलत नसतं."

"माणूस कोण म्हणतंय? तू बोलतेस, असं म्हणतोय मी." ते मिस्किलपणे हसले. ते चेष्टा करताहेत की काय, हे तिला त्या दिवशी ठरवता आलं नाही.

तिने एवढं ठरवलं, की हे काम लवकर उरकायचं. गाडी गेली की खूळ जाईल. डॉक्टरांना जे बदल हवे होते ते तिने कागदावर न मांडता थेट हातात घेतले. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरवून त्याचा तळ घासायचा, म्हणजे दाब वाढेल. झडपांपर्यंत जाणाऱ्या नळ्या आतून कोरून गुळगुळीत करायच्या, म्हणजे इंजिन मोकळा श्वास घेईल. झडपा उघडणारा कॅम बदलायचा. दोनाच्या जागी तीन कार्ब्युरेटर बसवायचे. बाबांना जुन्या इंजिनात असली ढवळाढवळ आवडत नसे. यावरून बापलेकीची कितीदा तरी वाजली होती. या वेळी मात्र तिने विषय काढला तेव्हा बाबा लगेच हो म्हणाले.

"कर," ते म्हणाले. "मोकळी कर तिला."

३

इंजिन उघडं पडलं तसे दिवस बरे गेले. हेड टेबलावर, कॅम फडक्यात गुंडाळलेला, ब्लॉक तेवढा गाडीत. ऐकण्यासारखं काही उरलंच नव्हतं. बाबा पुन्हा रोजच्यासारखे वागू लागले. झडपा घासून देत, मधेच तिला दटावत, रंगाऱ्याच्या चहात जास्त साखर टाकून गंमत बघत.

एकदा मात्र ती बाहेरून आली, तेव्हा ते उघड्या ब्लॉकवर काठी टेकवून उभे होते. गाडीत हेड नाही, तेल नाही, काही नाही. सहा रिकाम्या भोकांकडे तोंड करून ते वाट पाहत होते. तिला पाहिल्यावर त्यांनी काठी काढली.

"काहीच नाही," ते म्हणाले. दारावरची बेल वाजवून परत फिरलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

त्या संध्याकाळी तिने ठरवून काठी गळ्याला लावली. आज तार नाही, गप्पा मारायच्या. पण काय बोलणार? खरं बोलायचं तर एकच गोष्ट होती आणि ती सांगायची हिंमत नव्हती. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या कारखान्यात, इंजिनांच्या चाचणीशाळेत, तिला नोकरी मिळत होती. मुलाखत झाली होती, होकार तेवढा कळवायचा होता. ती गेली की बाबांच्या डोक्यात कोण बोलणार? हा प्रश्न रोज समोर येई आणि रोज ती त्याला वळसा घालून कामाला लागे.

"चहा करू?" एवढंच ती शेवटी म्हणाली.

"कर," बाबा म्हणाले.

नळ्या कोरायचं काम तिचं आवडतं. फिरत्या दगडाने आतलं लोखंड हळूहळू खरवडायचं, बोट घालून चाचपायचं, पुन्हा खरवडायचं. हवेला कुठे अडखळायला जागा ठेवायची नाही. तोंडाला फडकं बांधूनही लोखंडाची पूड घशात जाई. तिचा आवाज बसला. पहिल्यांदा थोडा घोगरा झाला, मग मधेच तुटायला लागला.

"वा," रंगारी म्हणाला. तो दाराशी बसून एका मडगार्डला पॉलिश करत होता. "गाडीचा घसा मोकळा केलास आणि स्वतःचा बसवून घेतलास. याला म्हणतात धंदा."

"धुरळा गेलाय रे. मिठाच्या गुळण्या केल्या की होईल."

"काय?"

"गुळण्या," ती जोर लावून म्हणाली.

"कर बाई. तू गप्प बसलीस की गॅरेज ओकंओकं वाटतं. शिव्या तरी कोणाच्या खायच्या आम्ही?"

४

जोडणी झाली. हेड नव्या गॅस्केटवर बसलं, बोल्ट ठरलेल्या क्रमाने ठरलेल्या जोराने आवळले, झडपा ढकलणाऱ्या टॅपेटमधल्या फटी पातळ पट्ट्या घालून मापात आणल्या. गार इंजिनात त्या पट्ट्या जेमतेम सरकाव्यात, लोण्यातून सुरी जावी तशा नव्हे, जाड कागदातून जावी तशा. हे सगळं ठिणगीने एकटीने केलं, कारण बाबा सारखे विचारत होते, "झालं का? झालं का?" आणि मधे मधे येत होते.

पहिल्या किल्लीला इंजिन खोकलं. दुसऱ्या किल्लीला पेटलं आणि सगळं गॅरेज हादरलं. खिडकीच्या काचा थरारल्या, भिंतीवर टांगलेले पाने एकमेकांवर किणकिणले. रंगारी पॉलिशचा डबा टाकून आत आला.

"आयला," तो हळूच म्हणाला.

मग तिचं खास काम. तिन्ही कार्ब्युरेटरांनी सारखीच हवा ओढली पाहिजे, नाहीतर इंजिन तोल सोडतं. त्यासाठी तिच्याकडे रबरी नळी होती. एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडापाशी धरायचं, दुसरं कानात घालायचं आणि हवेची सूं सूं ऐकायची. पहिल्याची, दुसऱ्याची, तिसऱ्याची. स्क्रू केसभर फिरवायचा, पुन्हा ऐकायचं. हे बाबांना जमण्यासारखं नव्हतं. हा हवेतला आवाज होता आणि हवा त्यांना बंद होती. ती एकामागून एक फिरवत गेली, तशा तिन्ही सुस्काऱ्यांतल्या फटी मिटत गेल्या. शेवटी एकच लांब, अखंड श्वास उरला. तो येत होता, जात होता.

तिला अभिमान वाटला, नाही कशाला म्हणा. इतकं देखणं काम तिच्या हातून आजवर झालं नव्हतं.

मागे वळून पाहिलं तर बाबा काठी लावून उभे होते. डोळे मिटलेले. पापण्यांच्या कडेने पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

तिने त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"आता कसं स्वच्छ येतंय," ते म्हणाले. "एकही शब्द जात नाही."

५

तिला शहानिशा करायची होती. शिकलेली होती ती. एखाद्या गोष्टीची भीती वाटते म्हणजे ती गोष्ट अजून मोजलेली नाही, एवढं तिला पक्कं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, उन्हाचा चौकोन शटरमधून आत लांबवर पसरलेला असताना, तिने बाबांना इंजिनापाशी उभं केलं. काठीवरून सांगितलं, "जे ऐकू येईल ते मोठ्याने म्हणत जा." हे सांगायलाही तिला कष्ट पडले. घसा बोलता बोलता फाटत होता. बाबांनी दोनदा "काय?" विचारलं. पूर्वी असं होत नसे. पूर्वी गळ्यावर ठेवलेली काठी तिच्या हळू बोलण्यानेही थरथरे.

मग तिने ओठ गच्च मिटले. दात आवळले. बाबांच्या समोर, हाताच्या अंतरावर, ती उभी राहिली.

इंजिन संथ चालत होतं. बाबांनी डोळे मिटून काठी टेकवली.

"म्हणतेस की आज ऊन छान पडलंय," ते म्हणाले. थोडं थांबून, "म्हणतेस की रंगाऱ्याने मडगार्डचा रंग चुकवलाय, पण त्याला सांगू नका, बिचारा हिरमुसेल." ते हसले. मग त्यांचं हसू हळूहळू ओसरलं. चेहरा गंभीर झाला. ते लक्षपूर्वक ऐकत होते, मधूनमधून मान हलवत होते.

"मला ठाऊक होतं," बाबा म्हणाले. "मुलाखतीला गेलीस तेव्हाच कळलं होतं मला. चांगले कपडे घालून कोण पार्ट आणायला जातं?" पुन्हा थांबले. "नाही म्हणून कळवलंस? अगं, पण माझ्यासाठी कशाला..." त्यांनी काठी आणखी घट्ट टेकवली. "बरं. बरं, नाही बोलत. राहा. तू इथेच राहा."

ठिणगीने इंजिनाकडे पाहिलं. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं, रंगाऱ्यालाही नाही, आरशालाही नाही. आणि नाही म्हणून तर तिने अजिबात कळवलं नव्हतं. तिच्या मनात जे होतं ते एकवेळ इंजिनाला कळलं असेल, पण जे तिच्या मनातही नव्हतं ते वचन कोणी दिलं?

तिने बाबांचा हात धरून हलवला. त्यांनी डोळे उघडले. समोर तिचं मिटलेलं तोंड पाहिलं, मग इंजिनाकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे. क्षणभर त्यांच्या कपाळावर आठी आली, हिशेब चुकल्यासारखी.

"चेष्टा करतेस होय गं," ते म्हणाले, पण कोणाला म्हणाले ते तिला कळलं नाही. ते बोलले तेव्हा त्यांची नजर दोघींच्या मधे कुठेतरी होती.

दोघींच्या. हा शब्द आपल्या मनात आला, याचीच तिला जास्त भीती वाटली.

६

तिने तीनपैकी एका कार्ब्युरेटरचा स्क्रू मुद्दाम फिरवून ठेवला. इंजिन लंगडलं. बाबा सकाळी आले, काठी लावली आणि पेचकस घेऊन त्यांनी स्क्रू जागेवर आणला. ऐकू न येणाऱ्या माणसाने हवेचा तोल साधला. कसा साधला? तिने नळी कानात घालून तपासलं. तिच्यापेक्षा बरा साधला होता.

"कोणी शिकवलं?" तिने हातवारे करून विचारलं.

"तूच तर सांगत होतीस. अजून थोडा, अजून थोडा, बास."

रंगाऱ्याला तिने सगळं सांगितलं. तो दाराशी बसला होता, ती त्याच्या कानाशी वाकून बोलत होती, कारण आता मोठ्याने बोलणं होतच नव्हतं. त्याने ऐकून घेतलं. मग हातावरचा रंग फडक्याने पुसत म्हणाला, "म्हातारपण आहे. माझा आजा शेवटी शेवटी कंदिलाशी भांडायचा."

"हे तसं नाहीये."

"मग कसं आहे?"

कसं आहे हे सांगायला तिच्याकडे शब्द असते, तरी घसा नव्हता.

"हे बघ," रंगारी म्हणाला, "डॉक्टर उद्या गाडी न्यायला येतायत ना? गाडी गेली की प्रश्न मिटला. म्हातारबा चार दिवस रुसतील, मग तुझ्याशी बोलतील. तू तेवढी बोल त्यांच्याशी. राग मानू नकोस, पण काठी आम्हालाही दिसते. तू ती गळ्याला लावतेस आणि घड्याळाकडे बघतेस."

तिला राग आला, पण तो म्हणतो ते खरं आहे हेही तिला कळत होतं. वर जाऊन तिने खिडकीत उभं राहून डॉक्टरांना फोन लावला. उद्या लवकर या, इतकंच सांगायचं होतं.

"हॅलो," डॉक्टर म्हणाले. "कोण? हॅलो? आवाज येत नाहीये."

ती बोलत होती. नुसता वारा निघत होता.

"हॅलो? हां हां, आता येतोय," डॉक्टर म्हणाले. "बोला ना, मी उद्याच येणार होतो, पण तुम्ही म्हणता तर राहू दे आणखी काही दिवस. काय घाई आहे? मजेत चाललंय काम, छान वाटलं ऐकून." आणि त्यांनी फोन ठेवला.

खाली, गॅरेजमध्ये, इंजिन चालू होतं.

७

त्याच पावली तिने निर्णय घेतला. मुलाखत, चाचणीशाळा, मोठं शहर, सगळं खड्ड्यात गेलं. नोकरीला नाही म्हणून कळवायचं, खरंखुरं कळवायचं, आणि बाबांना खरंखुरं सांगायचं. मी जाणार होते, आता जात नाही. आजवर जे जे बोलायचं राहिलं ते सगळं बोलायचं. दिवसभर बोलत बसायचं. घसा फुटला तरी बेहत्तर. ती जिने उतरताना तोंडातल्या तोंडात वाक्यं जुळवत होती, आणि तिला पहिल्यांदाच वाटलं की सांगण्यासारखं आपल्याकडे किती आहे.

बाबा बॉनेटवर वाकून उभे होते. दुपारचं ऊन त्यांच्या पाठीवर पडलं होतं. काठीचं टोक ब्लॉकवर, बोंड कानामागे, डोळे मिटलेले. ओठांवर मायेचं हसू. हे हसू तिच्या ओळखीचं होतं, पण तिने ते फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

तिने आधी इंजिन बंद करायचं ठरवलं. किल्ली फिरवली. इंजिन गचके खात राहिलं. दाब वाढवलेलं तापलेलं इंजिन कधीकधी असं करतं, आतल्या धगीवर पेट्रोल पेटत राहतं, त्यात नवल नाही. तिने हात घालून वीज देणाऱ्या कॉइलची वायर उपटली. आणखी दोन गचके बसले आणि इंजिन थांबलं. पंखा फिरून फिरून स्थिर झाला. गॅरेजमध्ये इतकी शांतता पसरली की बाहेर रंगाऱ्याचा पॉलिशचा कागद अगदी कानाशी घासल्यासारखा ऐकू आला.

बाबांनी डोळे उघडले नाहीत. मान हलवली. हसले. "मग?" म्हणाले. थोडं थांबले. "मग काय झालं?"

वायर तिच्या हातात होती.

फळीवर लांब पेचकस होता. तिने तो घेतला. गाडीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन, बाबांच्या समोर, तिने त्याचं पातं ब्लॉकला टेकवलं. मूठ कानामागे धरली. गार होत जाणाऱ्या लोखंडाची टिकटिक होती, ती असणारच. कुठेतरी तेलाचा थेंब ओघळत होता. एवढंच आहे, ती स्वतःला म्हणाली. एवढंच असणार. आणि मग, टिकटिकीच्या खाली, तेलाच्या खाली, तिला ते ऐकू आलं.

आवाज तिचाच होता. तिचाच, पण घोगरा होण्याआधीचा, तिच्याच 'र'वर थोडा अडणारा. पण त्या आवाजाला घाई नव्हती. दोन वाक्यांच्या मधे तो श्वास घेत होता.

"...मग मी आत आले," तो सांगत होता, "तर तुम्ही खुर्चीतच झोपला होता. उठवलं नाही मी. दिवा बारीक केला आणि नुसती बसून राहिले जवळ. तुम्हाला कळलं नाही. किती तरी वेळ बसले होते."

असं कधीच घडलं नव्हतं. तिने त्यांना दर वेळी उठवलं होतं.

"तेव्हा तुम्ही झोपेत..." आवाज म्हणाला, आणि एकदम थांबला. बोलता बोलता दाराबाहेर पाऊल वाजावं आणि माणसाने कान टवकारावे, तसा. पेचकसाच्या पोलादातून पलीकडचं ते थांबणं तिला स्पष्ट जाणवलं. तिथे कोणीतरी आता तिला ऐकत होतं.

"का गं थांबलीस?" बाबा म्हणाले आणि त्यांनी डोळे उघडले.

ठिणगीने पेचकस टाकला. ती बॉनेटला वळसा घालून धावत आली, तिने बाबांच्या हातातल्या काठीचं टोक ब्लॉकवरून उचललं आणि स्वतःच्या गळ्यावर दाबलं. त्यांनी विरोध केला नाही. बोंड कानामागे तसंच धरून ते तिच्याकडे पाहत राहिले.

"बाबा," ती म्हणाली. "मी आहे. मी इथे आहे. मी जात नाहीये, बाबा."

लाकूड हललं नाही. तिने दुसऱ्या हाताची बोटं काठीवर ठेवली होती, आणि बोटांना कसलीही थरथर लागली नाही. ती पुन्हा बोलली, पोटातून, जीव एकवटून. दाराशी रंगाऱ्याचा कागद एका लयीत घासत राहिला. त्याने मानही वर केली नाही.

बाबांनी तिचं बोलणं होऊ दिलं. नंतर स्वतःच्या कानाकडे बोट दाखवून ते ओशाळवाणं हसले. अनोळखी माणसांसाठी राखून ठेवलेलं त्यांचं हे हसू तिने वर्षानुवर्षं काउंटरमागून पाहिलं होतं.

"मला ऐकू येत नाही हो," ते अदबीने म्हणाले. त्यांनी हळूच, तिला लागू नये अशा बेताने, काठीचं टोक तिच्या गळ्यावरून सोडवून घेतलं आणि भिंतीकडच्या बाकाकडे हात केला. "बसा ना. माझी मुलगी बोलतेय, तिचं तेवढं होऊ द्या. ती सांगेल तुमच्या गाडीचं."

त्यांनी काठी पुन्हा ब्लॉकवर टेकवली आणि डोळे मिटले.

"हां, बोल," ते म्हणाले. "कोणी नाही. गिऱ्हाईक आहे."